एक वाटी म्हणजे किती?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्या वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन करायचे ठरले आणि त्याआधी निदान आठ-दहा किलो वजन उतरवा, असे डॉक्टरांनी बजावले. सोबत आहाराचा एक छापील कागद मिळाला. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात; दिवसभरात तेल तीन चमचे; वगैरे. वहिनींनी तो फ्रिजवर चिकटवला आणि सहा महिने पाळला. वजन अर्ध्या किलोनेही हलले नाही. पुढच्या तपासणीला त्यांना हसत हसत विचारण्यात आले, "आजी, खरं सांगा, मधूनमधून काय तोंडात टाकता?" परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी खोटं नाही हो बोलत." मी "छे छे" म्हणालो खरा, पण मनातून माझाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. हा लेख म्हणजे त्या अविश्वासाची थोडीफार भरपाई आहे.

मी वैद्यकातला नाही, कुठल्या विद्यापीठातलाही नाही. नोकरी सांभाळून जुनी वजनेमापे जमवायची आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचायचे, हा माझा पंचवीस वर्षांचा नाद. त्यामुळे वहिनींचा कागद नीट वाचला तेव्हा मला पडलेला प्रश्न मापाचा होता. एक वाटी म्हणजे किती? त्यांच्या फडताळातल्या नऊ वाट्या काढून मी त्यांत काठोकाठ पाणी भरले आणि ते मोजले. सर्वांत लहान वाटीत ९० मिलिलिटर मावले, सर्वांत मोठीत २४०. घरात या दोन्हींना 'वाटी'च म्हणतात. ज्या मापाचे नाव एक आणि आकार नऊ, त्यावर कुणाचा आहार बेतला जात असेल, तर खोटे नेमके कोण बोलत होते?

या प्रश्नाचा माग काढत गेलो, तो थेट सोळाव्या शतकातल्या इटलीत पोहोचलो.

झोका घेणारी खुर्ची

पाडुआ शहरात लुईजी कॉर्नारो नावाचा एक धनिक राहत होता. तरुणपणी खाण्यापिण्यात काही बाकी न ठेवल्याने चाळिशीच्या आतबाहेर त्याची प्रकृती ढासळली. मग त्याने स्वतःला नेम घालून घेतला: दिवसाला १२ औंस अन्न आणि १४ औंस द्राक्षाची दारू, यापुढे काही नाही. पुढे म्हातारपणी, एवढ्याने कसे भागणार म्हणून आप्तेष्टांनी आग्रह केला. त्याने अन्न १४ औंस आणि दारू १६ औंसांवर नेली, आणि तो आजारी पडला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याचे संयमी जीवनावरचे पुस्तक १५५८ मध्ये छापले गेले आणि युरोपभर शतकानुशतके वाचले गेले. मात्र त्याचे आकडे घेऊन आज कुणी जेवायला बसू नये. त्याच्या काळचा व्हेनिसचा औंस आणि आजचा औंस एक नव्हे. आपल्या वाटीसारखेच ते.

त्याच पाडुआच्या विद्यापीठात १६११ पासून सांतोरिओ वैद्यक शिकवू लागला. त्याने एका लांब दांडीच्या काट्याला चक्क खुर्ची टांगली. तो तिच्यात बसून जेवे. खाण्याआधी, खाल्ल्यानंतर, झोपून उठल्यावर स्वतःचे वजन करी. पोटात गेले ते आणि बाहेर पडले ते, दोन्ही तोली. हा उद्योग त्याने अनेक वर्षे चालवला. त्याचे निष्कर्ष १६१४ मध्ये लॅटिन सूत्रांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यातले सर्वांत गाजलेले सूत्र असे: दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले पाच पौंड डोळ्यांना न दिसता, श्वासावाटे आणि त्वचेवाटे निघून जाते. या खुर्चीचा आणखी एक उपयोग त्याने सांगितला आहे. जेवणाचे प्रमाण आधी ठरवून काटा तसा लावून ठेवायचा. तेवढे अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली झुकायची. म्हणजे पुरे झाले, उठा. पोट भरल्याचे पोटाने सांगायच्या आधी काट्याने सांगायचे, ही कल्पना मला इथे प्रथम भेटली.

बँटिंगचे पत्र

मात्र वजन उतरवण्यासाठी मोजून खाणे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले ते लंडनच्या एका अंत्यविधीच्या व्यावसायिकाने. विल्यम बँटिंग हे त्याचे नाव. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था त्याच्या घराण्याकडे असे. १८६२ मध्ये त्याचे वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलटा उतरावा लागे. (हे वाचून वहिनींना जरा बरे वाटले.) ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने कानाचे मूळ चरबीत आहे असे ठरवले आणि त्याला आहार लिहून दिला. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासे, एक औंस कोरडा भाजका पाव. दुपारी पाच-सहा औंस मांस. रात्री तीन-चार औंस. वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरले. १८६३ मध्ये त्याने हा अनुभव पत्राच्या रूपाने स्वखर्चाने छापला. ती पुस्तिका इतकी गाजली की त्याचे आडनावच क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी आहार पाळणे याला आजही 'बांता' म्हणतात.

गंमत अशी की औंसांत आहार लिहून ठेवणाऱ्या बँटिंगचे मत मात्र, किती खावे हे भुकेवर सोडले तरी चालेल, काय खावे तेच महत्त्वाचे, असे होते. तेव्हापासून या क्षेत्रात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो मोजा. दुसरा म्हणतो मोजत बसू नका, वेगळाच नियम पाळा. महाराष्ट्राला हा दुसरा पक्ष चांगला परिचित आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. तिथे घास मोजत नाहीत, घड्याळ पाहतात. अशा पद्धती लोकप्रिय होतात याचे एक कारण मला स्पष्ट दिसते. घड्याळ सर्वांच्या घरी सारखेच चालते. वाटी तशी नसते.

कोठडीतला माणूस

अन्नाचे वजन कळले तरी त्यातून शरीराला काय मिळते, हे बँटिंगच्या काळी सांगता येत नव्हते. एक औंस लोणी आणि एक औंस काकडी यांचे वजन एकच. हा हिशेब सोडवला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या विल्बर ॲटवॉटरने. वेस्लियन विद्यापीठात त्याने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने १८९० च्या दशकात एक बंद कोठडी बांधली. जेमतेम सात फूट लांब, चार फूट रुंद. माणूस तिच्यात कित्येक दिवस राहायचा, झोपायचा, काम करायचा. अन्न झरोक्यातून आत जायचे, तोलून आणि तपासून. शरीरातून निघणारी उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यात उतरायची आणि तिचीही मोजणी व्हायची. अशा प्रयोगांतून, आणि अन्न जाळून केलेल्या मोजण्यांतून, आज पाकिटामागे छापले जाणारे गणित तयार झाले: एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९.

ॲटवॉटरला कुणाला बारीक करायचे नव्हते. मजुराच्या तुटपुंज्या पगारात जास्तीत जास्त पोषण कसे बसवावे, ही त्याची चिंता होती. त्याचे गणित उलट दिशेने वापरले ते पुढच्या पिढीने. येल विद्यापीठातल्या अर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये सुचवले की प्रत्येक पदार्थाचा १०० कॅलरींचा वाटा हे एकक धरावे, म्हणजे हिशेब सोपा होईल. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये हीच युक्ती स्थूल स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आणली. त्या स्वतः स्थूलपणातून गेलेल्या. पावाचा तुकडा म्हणू नका, १०० कॅलरींचा पाव म्हणा, असा त्यांचा आग्रह. हे पुस्तक १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी एक ठरले.

पण १०० कॅलरींचा वाटा घरात ओळखायचा कसा? त्यासाठी तो पुन्हा तुकडा, चमचा, पेला यांच्या भाषेत आणावा लागला. ॲटवॉटरच्या कोठडीत दशांशापर्यंत गेलेला काटा स्वयंपाकघरात येईतो पुन्हा नजरेच्या स्वाधीन झाला. आपल्या आहाराच्या कागदावरची 'एक वाटी' ही याच घराण्यातली.

शिगोशीग आणि सपाट

आता आपल्याकडे वळू. मराठी मुलखात मापांची कमतरता कधीच नव्हती. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. माझ्या संग्रहात यांतली बरीच आहेत. पण ही सारी आकारमानाची मापे, वजनाची नव्हेत. एकाच पायलीत ज्वारीचे वजन वेगळे, भाताचे वेगळे. शिवाय मुलूख बदलला की पायली बदले. त्यातही माप शिगोशीग भरायचे की वरून हात फिरवून सपाट करायचे, यावर बाजारात भांडणे होत. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच रुजलेला नाही.

आणि ही मापे होती धान्यासाठी, ताटासाठी नव्हेत. घरात तांदूळ माणशी अर्धे फुलपात्र असा कच्चाच मोजला जाई. शिजल्यावर कुणाच्या पानात किती गेला, हे पाहणे असभ्यपणाचे. कुणाचे घास मोजू नयेत, अशी आपली शिकवण. मोजूनमापून वाढणारी गृहिणी चिक्कू ठरते आणि मोजून खाणारा पाहुणा शिष्ट.

सरकारी पातळीवर मात्र माणसाचे अन्न आपल्याकडे तोलले गेले, आणि ते भुकेच्या काळात. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरीला कात्री लावली. अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर जुजबी पैसे. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण अपुरे असल्याचे ठासून सांगितले. आपल्याकडे पुणे सार्वजनिक सभेने तक्रार केली आणि मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामच नाकारले. मी आजच्या कोष्टकावरून हिशेब केला. ४५० ग्रॅम धान्याच्या होतात साधारण १,६०० कॅलरी. वजन उतरवण्यासाठी घरबसल्या माणसाला आज जो आहार सांगतात, तो याच्या आसपास असतो. टेंपलने तो खडी फोडणाऱ्याला पुरेल असे ठरवले होते. तराजू तोच, तो कोणी, कोणासाठी हाती धरला आहे, हे पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

भारतीय पदार्थांची शास्त्रीय कोष्टके तयार झाली ती निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत. तिचे संचालक वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. पुढे बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही ते होते. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. योगायोग असा की त्याच वर्षी, १ ऑक्टोबरपासून, देशात शेर-छटाकाच्या जागी किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने येऊ लागले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, हे कोष्टक आमच्या आईला शेवटपर्यंत पाठ होते.

हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके काढली. त्यांत ५२८ पदार्थ आहेत. पण ती उघडली की लक्षात येते, आकडे आहेत ते १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे. गहू आहे, पोळी नाही. तांदूळ आहे, भात नाही. १०० ग्रॅम तांदळाचा भात पाणी पिऊन अडीच-तीनशे ग्रॅम होतो. म्हणजे 'अर्धी वाटी भात' या सूचनेत वाटीच्या आकाराची चूक आहेच. शिवाय कुणी ती कच्च्या तांदळाची समजले, तर अन्न अडीच-तीन पट होते. कागदावर 'कच्चा' किंवा 'शिजलेला' हा एक शब्द नव्हता.

न्यूयॉर्कचे दहा जण

माझ्या शोधातला सर्वांत महत्त्वाचा कागद १९९२ चा आहे. 'आम्ही बाराशे कॅलरींच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणारे दहा जण न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी निवडले. आपल्या शरीराची घडणच वेगळी, अशी त्यांची खात्री होती. सांतोरिओच्या खुर्चीची जागा आता एका विशेष पाण्याने घेतली होती. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. ते प्यायल्यावर हे दोन्ही शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून, माणूस आपल्या घरी, आपल्या कामात असतानाही त्याने किती ऊर्जा खर्च केली, हे कळते. निष्कर्ष असा: या लोकांची शरीरे इतरांसारखीच ऊर्जा वापरत होती. त्यांनी नोंदवलेले खाणे मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होते, आणि नोंदवलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त.

हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, झाले, वहिनींचे पितळ उघडे पडले. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की ही माणसे लबाड होती असे त्यातून ठरत नाही. आपण कमीच खातो, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. जे मोजायचे राहिले, ते त्यांच्या लेखी खाल्लेच गेले नव्हते.

मग आम्ही दोघांनी आठ दिवस एक प्रयोग केला. ताटाऐवजी स्वयंपाकघरच तोलायचे. तेलाची बरणी सकाळी काट्यावर, रात्री काट्यावर. कणीक मळण्याआधी, तांदूळ धुण्याआधी वजन. कुटाचा डबा रोज. वहीत वहिनींच्या अक्षरात सगळे आहे.

त्यांच्या ताटात खरोखरच कागदाप्रमाणे वाढलेले असे. पण कागदावरचे 'तीन चमचे तेल' त्या पळीने घालत होत्या. कोणता चमचा, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमचाभर तेलाच्या साधारण १२० कॅलरी होतात, म्हणजे ३५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीएवढ्या. भाजीत सढळ हाताने पडणारे मूठभर, ३० ग्रॅम दाण्याचे कूट त्याहून जास्त भरते. आणि तिसरी गोष्ट वहीच्या चौथ्या पानावर आली. सगळ्यांची पाने उठल्यावर वहिनी पातेल्यातला उरलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी, वाटीभर राहिलेली आमटी ओट्याशी उभ्यानेच संपवत. "ते जेवण थोडंच आहे? टाकवत नाही म्हणून..." चाळीस वर्षांची सवय. कागदाने धरून चालले होते की खाणाऱ्यापुढे ताट असते आणि ताटाबाहेर काही नसते. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी कागदात रकाना नव्हता. माझ्या बेरजेप्रमाणे हे 'जेवण नसलेले' अन्न दिवसाला ४०० कॅलरींच्या आसपास होते.

आठ दिवसांनंतर काटा कपाटात गेला. रोज उठून घास तोलत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि त्याची गरजही उरली नाही. तेल आठवड्याचे एकदाच वेगळ्या बाटलीत काढले जाऊ लागले. उरलेल्या अन्नासाठी फ्रिजमध्ये एक डबा ठरला. वजन सावकाश उतरू लागले. ऑपरेशन पुढच्या वर्षी झाले.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत अजून आहे. गेल्या दिवाळीत वहिनींनी नऊ वाट्यांमधली एक निवडली आणि भांडीवाल्याकडून तिच्यावर आपल्या नावाखाली आकडा घालून घेतला: १५०. मी ती माझ्या संग्रहासाठी मागितली. त्या म्हणाल्या, "छान! मग मी जेवू कशात?"